अंगणातली मदत

४ मार्च

बालमजुरी थांबवणाऱ्या प्रकल्पवाल्यांनी समितीतल्या प्रत्येकाला एक वही आणि दोन पेनं दिली. पेनं अगदीच भिकार आहेत, पण वही चांगली जाड आहे, म्हणून रोजनिशी लिहायला घेतेय. घरात वाचता येणारं दुसरं माणूस म्हणजे मिंझा, माझी भाची. तिला दुसऱ्याची वही उघडायची सवय नाही. शिक्षिकेच्या घरात वाढलीय ती.

तर आजची बातमी अशी की, आमच्या इकोंगोलो गावच्या सोन्याच्या खड्ड्यांवरून पोरं हटवायला जी समिती झाली, तिची मी सचिव झाले. अध्यक्ष अर्थातच म्हातारे शिजा. गावात कुठेही खुर्ची मांडली की ते आधीच तिच्यावर बसलेले असतात. काम मी करायचं आणि हार त्यांनी घालून घ्यायचे. चालेल. वीस वर्षं या शाळेत घालवली, दर वर्षी पाचवीपासून वर्ग निम्मा होताना बघितला. हार कुणाच्या का गळ्यात पडेना, पोरं वर्गात आली पाहिजेत.

नियम ठरले. अठराच्या आतलं पोर खड्ड्यात उतरणार नाही, दगड वाहणार नाही, दगड फोडणार नाही, चक्कीवर उभं राहणार नाही, सोनं धुण्याच्या फळ्यांवर जाणार नाही. पाच नियम होईपर्यंत सगळे माना हलवत होते. मग बायका उठल्या आणि त्यात सगळ्यात पुढे आमची कबुला, माझी सख्खी धाकटी बहीण, मिंझाची आई.

"ताई, पोरीनं अंगणात आईला हात लावला तर तेही बंद का? मग भांडीही घासू नकोस म्हणून सांग. आयतं गिळायला बसव."

सगळ्या हसल्या. प्रकल्पाचा पोरगा घड्याळाकडे बघत होता, त्याला अंधाराच्या आत म्वांझा शहराला पोचायचं होतं. शेवटी मीच तोड काढली आणि सहावा नियम लिहिला: घरच्या अंगणात आईला केलेली मदत हे काम धरलं जाणार नाही. लगेच सगळ्यांनी अंगठे उठवले. इतक्या वर्षांच्या नोकरीत एक गोष्ट शिकलेय, चार पावलं पुढे जायचं तर एक मागे घ्यावं लागतं.

६ मार्च

पाटी रंगवून झाली. निळ्या पत्र्यावर पांढरी अक्षरं. लिहिली मिंझानं. दुसरं कोण लिहिणार? तेरा वर्षांची पोर, पण अक्षर असं की छापखान्यानं लाजावं. सहा ओळी लिहिल्या, एकही ओघळ नाही. शिजा म्हणाले, "बाई, हिला माझ्या थडग्यावरचा दगड लिहायला सांगून ठेवा." मिंझा म्हणाली, "आजोबा, आधी तारीख तर ठरवा." माझ्या घरात वाढल्याचा हा परिणाम.

अक्षर आमच्या घराण्यातच आहे. म्हणजे माझ्याकडे आहे. कबुलाचं अक्षर म्हणजे कोंबडीनं उकरलेलं. शाळेच्या पाटीवर सरळ रेघ ओढता यायची नाही तिला. मास्तर मारून मारून दमले, शेवटी बाबांनी चौथीतून काढलीच. मला पुढे शिकवलं. कुणाला काय द्यायचं ते देव ठरवतो.

पाटी खड्ड्यांकडे जाणाऱ्या वाटेवर लावली. शेजारी दोर बांधलाय. दोन माणसं पाळीनं बसतात आणि पोर दिसलं की परत पाठवतात.

१९ मार्च

पाचवीत आज एकोणचाळीस पोरं. मागच्या महिन्यात सतरा होती. बाकं पुरेनात. मी हजेरी घेताना आवाज जरा चढा ठेवला, म्हणजे हेडमास्तरांच्या खोलीत ऐकू जावा.

११ एप्रिल

खड्ड्याचा मालक मसांजा घरी आला होता. मला वाटलं दोर काढा म्हणून भांडायला आलाय. तर नाही, भलताच नम्र. म्हणाला, "बाई, तुमचा नियम म्हणजे नियम. पण वरची धुणारी पोरं गेली, आता दळलेला माल धुवायला हात कुठून आणू? मी गोण्या घरोघर पाठवतो. बायका आपापल्या अंगणात धुतील. पाटीवर तसं लिहिलंच आहे."

लिहिलं आहे खरं. आणि मला ते पटलंही. उन्हात, दारुड्यांच्या गर्दीत पोरांनी वणवण करण्यापेक्षा आईच्या नजरेसमोर राहिलेली काय वाईट? आमच्याकडे पूर्वी आठवड्याला एखादी गोणी यायची, आता पाच आल्या. कबुला खूश आहे. तिचा नवरा दुसऱ्या खाणीवर गेला तो गेलाच, तेव्हापासून ती आणि दोन्ही पोरी माझ्याकडे आहेत. माझा पगार तीन-तीन महिने येत नाही. तेव्हा चूल कशावर पेटते हे मला माहीत आहे, नाकारत नाही.

काम तसं सोपं आहे. उतरत्या फळीवर गोणपाट अंथरून त्यावरून माल पाण्यानं सोडायचा. गोणपाटात अडकलेली काळी रेती घमेल्यात झटकायची, पारा ओतायचा आणि हातानं मळत राहायचं, मक्याच्या उगालीचं पीठ मळावं तसं. पारा सोनं धरून ठेवतो. मग ते फडक्यात घेऊन पिळायचं, जादा पारा खाली येतो आणि फडक्यात पांढुरकी गोळी राहते. ती चुलीवर भाजली की पारा उडून जातो आणि सोनं उरतं. धुणं आणि भाजणं कबुला करते. मळणं आणि पिळणं मिंझाचं. नऊ वर्षांची होती तेव्हापासून तिच्याकडे आहे.

हे आमच्याकडे पहिल्यापासूनच असं. सोनं बुजरं असतं, पाळी सुरू झालेल्या बाईचा हात लागला की पळतं, गोळीच धरत नाही. म्हणून पिळायला घरातली लहान पोर लागते. मीही केलंय की. मला पाळी आल्यावर ते काम कबुलाकडे गेलं, तेव्हा ती आठ वर्षांची. मला काही झालं नाही. मिंझा शाळेतून आल्यावर दोन तास करते, मग अभ्यासाला बसते. मी मध्ये पडत नाही, फक्त अभ्यास चुकला तर बघून घेते.

२ मे

कबुलानं आज पुन्हा चहा सांडला, माझ्या तपासलेल्या वह्यांवर. कप बशीत ठेवताना खडखड होतेच तिची. लहानपणापासून अशीच वेंधळी. मी बोलले तर म्हणे, "ताई, तुझे हात खडू धरायचे, माझे फावडं धरायचे." दोघी हसलो.

विहिरीचं पाणी बिघडलंय बहुतेक. सकाळी तोंडात नाणं धरल्यासारखी चव येते. मिंझालाही येते. शिजांना सांगून विहीर उपसून घ्यायला हवी.

२३ मे

मिंझाचा निबंध वाचला. विचार छान, पण अक्षर काय ते. ‘स’ला शेपूट फुटलंय, ओळ कुठल्या कुठे निघालीय. विचारलं तर म्हणे पेन खराब आहे. पेनं खराब आहेत हे खरंच, पण इतकी नाहीत. वयात येताना मुली अशा भिरभिरतात. सप्टेंबरात सातवीची परीक्षा. त्यात पास झाली तर पुढची शाळा, नाहीतर हीच विहीर आणि हेच घमेलं. मला मूल नाही. जे काही आहे ते हीच. तिला शिक्षिका करायचंय मला. आमच्या घरात दुसरी शिक्षिका.

रोज दोन पानं शुद्धलेखन लावून दिलं.

१४ जून

आज मारलं तिला. लिहून टाकते, कारण दिवसभर मनातून जात नाही.

शुद्धलेखनाच्या पानावर शाईचे डाग, अक्षरं एकमेकांवर चढलेली. वर्गात चाळीस पोरं बघत होती. माझ्या घरची म्हणून सोडलं असतं तर उद्या कुणाला बोलायला मला तोंड राहिलं नसतं. हात पुढे करायला सांगितला. तिनं केला. हात थरथरत होता. मला वाटलं, भ्यालीय. तीन छड्या मारल्या, तळव्यावरच. रडली नाही. म्हणाली, "मोठी आई, मी मुद्दाम नाही करत." मी म्हणाले, "इथे मी मोठी आई नाही, बाई आहे."

घरी आल्यावर तिच्या ताटात दगाचे बारीक सुके मासे जास्त वाढले. तिनं होलोच्या, म्हणजे धाकटीच्या ताटात टाकले. होलो आठ वर्षांची, तिला कारण कळलं नाही, तिनं खाऊन टाकले.

३ जुलै

पहाटे उठले तर मिंझा मागच्या बाजूला कांग्याचा, म्हणजे नेसायच्या छापील कापडाचा, तुकडा धूत होती. पाणी लालसर. मला बघून दचकली. नाकातून रक्त आलं म्हणाली. कोरड्या वाऱ्यानं येतं असं. ओला रुमाल कपाळावर ठेवायला सांगितला. तुकडा तिनं वाळत घातला तोही छपराच्या आतल्या बाजूला, कुणाला दिसणार नाही असा. होलोला सांगू नकोस म्हणाली, ती घाबरेल. किती जीव आहे तिचा धाकटीवर.

होलो आता घमेल्याजवळ घुटमळायला लागलीय. पारा बोटानं ढकलला की मण्यांसारखा पळतो, पोरांना मजा वाटते. मिंझानं तिला आज पाठीत धपाटा घातला. मी मिंझालाच ओरडले, लहानांवर हात उगारायचा नाही म्हणून.

२२ जुलै

म्वांझाहून तपासणीला दोघं आले. खड्ड्यांवर एक पोर नाही. दोर बघितला, पाटीचा फोटो काढला. गोऱ्या बाईनं अक्षर कुणाचं म्हणून विचारलं. मी मिंझाला पुढे केलं. तिला म्हटलं, पाहुण्यांना चहा ओत. तिनं किटली उचलली आणि चहा कपात कमी, बाईच्या मांडीवर जास्त. बाई हसून म्हणाली काही हरकत नाही. मला मेल्याहून मेल्यासारखं झालं. अगदी आईवर गेलीय, असं मी म्हणूनही गेले. कबुला दाराशी उभी होती. ती हसली नाही.

अहवालात आमचं गाव पहिलं येणार असं म्हणाले. शिजांनी स्वतःला हार घालून घेतला.

९ ऑगस्ट

सराव परीक्षा झाली. या परीक्षेत उत्तर लिहायचं नसतं, छापील कागदावर पेन्सिलीनं बारीक गोल काळे करायचे असतात. गोलाबाहेर रेघ गेली की यंत्र ते उत्तर धरत नाही. मी मिंझाचा कागद हातात घेतला. पन्नास गोलांपैकी तीसच्या वर बाहेर गेलेले, खोडून खोडून कागदाला भोकं पडलेली. बरोबर उत्तरं कुठली ते मात्र तिला ठाऊक होतं. मी तोंडी विचारलं, अठ्ठेचाळीस सांगितली.

मी छडी उचलली नाही. तिला म्हटलं, हात पुढे कर. दोन्ही. डोळे मीट. हात हवेत होते आणि बोटं थरथरत होती. भीती वाटण्यासारखं मी काही बोललेही नव्हते.

१० ऑगस्ट

दवाखान्यात गेलो. लुहेंडे डॉक्टर तरुण आहे, दोन महिन्यांपूर्वी आलाय. मी त्याला हिवताप असेल असं सुचवलं, परीक्षेची धास्ती असेल असंही सुचवलं. त्यानं माझं ऐकून घेतलं आणि मिंझाला विचारलं, "तोंडात चव कसली येते?"

"नाण्यासारखी."

"हिरड्या?"

"घासलं की रक्त येतं."

"घरी पारा कोण मळतं?"

ती माझ्याकडे बघायला लागली. मीच सांगितलं, तीच मळते, पण ते अंगणात, आईच्या मदतीला. माझ्या कानांना ते वाक्य ओळखीचं वाटलं. पाटीवरचं होतं.

तो म्हणाला, "बाई, पाऱ्याला अंगण आणि खाण कळत नाही." तपासणीसाठी नमुना म्वांझाला पाठवावा लागेल, वेळ लागेल, पण आजपासून बंद करा म्हणाला. भाजणं तर घरातल्या चुलीवर मुळीच नको. बंद केलं तर हात सुधारतो का विचारलं. पुष्कळ मुलांचा सुधारतो, म्हणाला, पण किती आणि कधी ते सांगत नाही. मग विचारलं, पूर्वी थोडं होतं ते एकदम कधी वाढलं?

एप्रिलपासून. मी दोर बांधला तेव्हापासून, पाचपट गोण्या.

परतताना मिंझा पुढे चालत होती. मी तिला हाक मारली, मारल्याबद्दल माफी मागायला. मग नुसतीच पिशवी या हातातून त्या हातात घेतली. तिनं मागे वळून विचारलं, "दमलीस का, मोठी आई?" आणि माझी पिशवी घेतली.

११ ऑगस्ट

घरी जे झालं ते जसंच्या तसं लिहिते.

कबुलाला म्हटलं, आजपासून मिंझा पिळणार नाही. ती म्हणाली, ठीक. इतक्या सहज म्हणाली की मी थक्क झाले. मग म्हणाली, "तेरा झाली, तशीही आज ना उद्या मोठी होणारच. होलोला शिकवते."

होलो उठून घमेल्याकडे निघालीच. तिला तर वाढदिवस असल्यासारखं झालं.

तेव्हा मिंझा मध्ये उभी राहिली. म्हणाली, "मी मोठी झालेय. मेमध्येच झाले. तीन महिने मीच पिळतेय आणि सोनं कुठे पळालं नाही."

 मला आधी कळेना, आणि मग तो कांग्याचा तुकडा आठवला. नाकातलं रक्त, म्हणे. मी ओला रुमाल ठेवायला सांगितला होता.

"का लपवलंस?" कबुलानं विचारलं.

"सांगितलं असतं तर घमेलं होलोकडे गेलं असतं."

एवढंच बोलली. मी दाराबाहेर जाऊन उभी राहिले. मला पाळी आली तेव्हा मी तेरा वर्षांची होते आणि उड्या मारत आईला सांगायला गेले होते, कारण आता घमेल्यातून सुटका झाली होती. घमेलं कुणाकडे गेलं त्याचा विचार माझ्या मनाला शिवला नव्हता. एवढ्या वर्षांत शिवला नव्हता. आज वहीत लिहिताना लाज वाटते.

आत आले तर वाटलं, आता कबुलाचा समज मोडला, बरंच झालं. पण ती म्हणाली, "मग पळत नसेल तर मिंझानंच करावं की अजून काही वर्षं. परीक्षा झाल्यावर."

मी ओरडले. तोंडाला येईल ते बोलले. आई आहेस का कोण आहेस, पोरीचा हात गेला, डोळे फुटलेत का तुझे. तिनं सगळं ऐकलं. मग दोन्ही हात माझ्यासमोर धरले, मी परवा मिंझाला धरायला सांगितले होते तसे. मिंझापेक्षा जास्त थरथरत होते.

"मला वाटायचं, ताई, सगळ्यांचेच असतात," ती म्हणाली. "घरात फक्त तुझे नसायचे. मला वाटायचं ते शाळेमुळे."

१५ ऑगस्ट

समितीची बैठक. मी म्हणाले, सहावा नियम काढा. लुहेंडेही आला होता, पाऱ्याबद्दल नीट बोलला. शिजा झोपले होते, जागे झाल्यावर म्हणाले, "पाटी आता रंगवून झाली की बाई."

बायका शांतपणे बोलल्या, भांडल्या असत्या तर बरं झालं असतं. एक म्हणाली, "खड्ड्यावर पोरं गेली नाहीत तर तुम्ही शाबासकी घेतली. आता अंगणातूनही उठवा. मग माझी पोरं तुमच्याकडे जेवायला पाठवू का?" दुसरी म्हणाली, "बाई, तुमचा पगार तरी उशिरा का होईना येतो." तिसरीनं नुसतं विचारलं, "तुमच्या घरी मार्चपासून काय शिजत होतं?"  सगळं कबुलाच्या गोण्यांवर शिजत होतं, आणि मी दोन वेळा वाढून घेत होते.

लुहेंडेनं भाजताना झाकायचं लोखंडी भांडं सुचवलं, मोठ्या माणसांनी हातमोजे घालून मळावं म्हणाला. मसांजा म्हणाला हातमोजे तो देणार नाही, अंगण काही त्याची खाण नाही. बायकांनी पोरींच्या पिळण्यावर मत द्यायचंच नाकारलं. अंगठे चार उठले, हवे होते नऊ. मी लिहिलेल्या नियमापुढे मीच हरले.

एक गोष्ट झाली. आमच्या घरी गोण्या येणं बंद. कबुलानं स्वतः परत पाठवल्या. मसांजानं त्या शेजारी उतरवल्या. शेजारी नऊ वर्षांची मुलगी आहे.

२९ ऑगस्ट

उगाली आणि पाला. कबुला बाजारात मांदाझी, म्हणजे तळलेल्या गोड पुऱ्या, विकायला बसते. निम्मी गिऱ्हाइकं तिच्या हातातल्या कागदाचा थरथराट बघून विचारतात, थंडी वाजते का. ती म्हणते, हो, फार. मिंझाचा हात थोडा शांत वाटतो. किंवा मला तसं वाटावंसं वाटतं. रोज गोल काळे करायचा सराव घेते. डावा हात उजव्या मनगटावर दाबून धरायला शिकवलंय.

७ सप्टेंबर

परीक्षा. बाहेरचे पर्यवेक्षक आले, आम्हा शिक्षकांना कुंपणाबाहेर काढलं. मी आणि कबुला शेंगांच्या झाडाखाली बसलो. तिनं आयुष्यात पहिल्यांदा शाळेच्या आवारात इतका वेळ काढला असेल. मला म्हणाली, "तू प्रार्थना कर, तुझी ओळख आहे." मी म्हटलं, कुणाशी? ती म्हणाली, "असेल कुणाशी तरी."

मिंझा सगळ्यात शेवटी बाहेर आली. पर्यवेक्षकानं कागद ओढून घेतला म्हणाली. पन्नासपैकी एकोणतीस गोल नीट झाले, मोजून आलीय. बाकीच्यांची उत्तरंही येत होती. वेळ पुरला नाही, कारण प्रत्येक गोलाला मनगट धरायला लागत होतं. एकोणतीसवर पुढची शाळा मिळते की नाही ते नोव्हेंबरात कळेल. काठावर आहे. मी तिला जवळ घेतलं आणि जे महिनाभर बोलायचं होतं ते बोलले: मी तुला मारायला नको होतं. ती म्हणाली, "तुला माहीत नव्हतं." मला माहीत होतं, लिहिलेलं आहे, या वहीत, चौदा जूनला. हात थरथरत होता असं मीच लिहिलंय.

१२ सप्टेंबर

सकाळी मिंझानं विचारलं, "मोठी आई, पांढरा रंग उरलाय का?" मला वाटलं चूल रंगवायचीय. डबा दिला. अर्ध्या तासानं होलो पळत आली, ताई पाटीवर लिहितेय म्हणून.

गेले तर वाटेवर दोराजवळ दहा-बारा माणसं. मिंझा स्टुलावर उभी. सहाव्या नियमाला तिनं हात लावला नव्हता, समितीनं ठेवलाय तो. त्याच्या खाली सातवी ओळ लिहीत होती: अंगणातही नाही. एवढेच शब्द, पण वेळ लागत होता. अक्षरं एक उंच, एक बुटकं, रंग ओघळलेला, ओळ उतरत चाललेली. मी पुढे होऊन तिचं मनगट धरायला गेले. तिनं हात बाजूला घेतला. म्हणाली, "नको. असंच दिसू दे."

वरच्या सहा ओळी मार्चमधल्या. खालची एक आजची. शेजारीण, तीच जिच्याकडे आता आमच्या गोण्या जातात, तिला वाचता येतं. तिनं विचारलं, "हे खालचं कुणी खरडलं?" दोरावरचा माणूस म्हणाला, "वरचं जिनं लिहिलं, तिनंच." शेजारीण पुन्हा वर बघायला लागली, मग खाली. मग तशीच घरी गेली, घाईघाईनं. तिनं काय ठरवलं ते मला माहीत नाही.

शिजा आले, चष्मा लावला, म्हणाले समितीच्या परवानगीशिवाय लिहिता येत नाही, पुसा. मी म्हटलं, सचिव मी आहे, ठराव मी लिहीन, तुम्ही हार घाला. पुसलं नाही.

कबुला बाजारातून टोपलं घेऊन येत होती, गर्दी बघून थांबली. तिला आता वाचता येत नाही. मी तिला वाचून दाखवायला तोंड उघडलं, पण ती पाटीच्या अगदी जवळ गेली होती. नव्या ओळीखाली बोट धरून या टोकापासून त्या टोकापर्यंत हळूहळू गेली. बोटाला ओला रंग लागला. माझ्याकडे वळून बघितलं तिनं, रागानं नाही.

"ताई," ती म्हणाली, "चौथीत मी असंच लिहायचे."